माझं मी करते

केंटकीच्या डोंगरातल्या घरात वांडा आईला ताकात कुस्करलेला मक्याचा पाव भरवत होती, तेवढ्यात सरकारी कचेरीतून फोन आला. अन्नमदत टिकवायची तर नोकरी दाखवा. सूट फक्त अंथरुणावरच्या माणसाची उस्तवार करणाऱ्यांना. “आईचे हातपाय लुळे पडलेत,” वांडाने सांगितलं. “त्यांच्याच तोंडून ऐकू द्या,” पलीकडची बाई म्हणाली. वांडाने फोन आईपुढे धरला. परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही त्या डोंगरांतली जुनी रीत. “मला काय धाड भरलीय?” आई कडाडली. “स्वयंपाक, धुणं, सगळं माझं मी करते!” “मग मुलगी घरी कशाला?” “ती बसतेय घरी? कामाला वाघ आहे पोर!” “उत्तम,” म्हणत बाईने फोन ठेवला; सूट गेली. वांडाने चमचा पुन्हा ताकात बुडवला. “कशी राखली तुझी लाज?” आईने हसून विचारलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.