सावकाश वाचणारा

पुस्तकाच्या डाव्या पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा ओलसर ठसा उमटतो. माझे दोन्ही हात कोरडे असतात.

भुताखेतांच्या प्रेमकथा वाचून त्यांना पाचपैकी तारे देणं हे माझं काम. ही एका ताऱ्याचीच आहे. पण ठसा वाळेपर्यंत पान उलटता येत नाही, आणि ज्याचा कुणाचा तो आहे, तो फार सावकाश वाचतो. रटाळ प्रेमप्रसंगांवर तर हमखास रेंगाळतो.

“ताई, घर विकून आमच्याकडे येणार आहेस की नाही?” फोनवर धाकटी बहीण वैतागली होती. “वर्षभर नुसतं बघू, बघू. एकटी काय करतेस तिथे?”

“पान उलटायची वाट बघतेय.”

कथेतलं भूत नायिकेला विचारत होतं, ‘थांबशील ना?’

आज ठसा वाळेना. त्याच्या शेजारी दुसरा उमटला, मग तिसरा, माझ्या बोटांच्या दिशेने.

मी फोन बाजूला ठेवला.

“बरं बाबा, उलटू दे आता,” मी म्हणाले. “राहते मी इथेच.”