मांडीवरचा डबा

डबा मांडीवर घेऊन साखरे गाडीत बसला आणि मामांनी सायरन लावला.

साखरे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. लहानपणापासूनचा मधुमेह, म्हणून सगळ्यांनी लाडाने ठेवलेलं नाव. पूर्वी ही गाडी तोच चालवायचा. एकदा साखर एकदम उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली; तेव्हापासून स्टिअरिंग मामांकडे गेलं आणि त्याच्या वाट्याला डबे आले.

आजच्या डब्यात, बर्फात, स्वादुपिंड होतं. असंच एक आपल्याला मिळावं म्हणून त्याचंही नाव यादीत होतं. दुसऱ्यांची पोचवता पोचवता त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

खिशातला फोन थरथरला. त्याने हात लावला नाही. डबा असताना फोन घ्यायचा नाही, हा त्याचा नियम.

"एक दिवस हॉस्पिटलचाच फोन येईल आणि तुम्ही डबा कवटाळून बसलेले असाल," बायको करवादायची. "दुसऱ्याला देऊन मोकळे होतील!"

फोन पुन्हा थरथरला. मग मामांचा वाजला.

"हो, आहे ना," मामा कानातल्या यंत्रात म्हणाले. "बरं. कळलं."

"कोण हो?"

"आमची ही. भाजी आणायचीय."

साखरेने बिस्किटांचा पुडा काढला.

"ठेव तो," मामा खेकसले. "गाडीत चुरा होतो."

एरवी चुऱ्याचा सडा मामांच्याच सीटवर असायचा.

"साखर किती?"

"ठीक आहे."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"कुठलं काय! चहासुद्धा नाही."

मामांनी गाडी आणखी दामटली.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टर उभ्याच होत्या, फोन कानाला लावून.

"ज्यांना बसवायचं होतं त्यांना ताप भरलाय," त्या म्हणाल्या. "यादीतल्या पुढच्याला फोन केले. उचलतच नाही!"

साखरेने फोन काढला. दोन्ही कॉल इथलेच. बायकोचं म्हणणं खरं झालं होतं. आपलं नशीब आपणच मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या दारात आणून ठेवलं, या विचाराने त्याला रडूच कोसळलं.

"मग... तिसऱ्याला बोलावलंत?"

सिस्टरनी एका हाताने डबा घेतला, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि फोनमध्ये म्हणाल्या,

"डॉक्टर, डबा आला. हो, पेशंटही आला. त्यानेच आणलाय."