मृत्यूचं कारण

शवागारातल्या डॉक्टरांनी सुरी उचलली, तेवढ्यात धर्मगुरू आडवे आले. टेबलावर त्यांच्या तीन लेकरांतला थोरला होता. काल दिवसभर उलट्या, आज हे.

"देहाला सुरी लागली की जीवाला पुढची वाट सापडत नाही, डॉक्टर. जन्मभर लोकांना हेच सांगत आलो. आता माझ्याच लेकराला…" त्यांनी हात जोडले.

डॉक्टरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण रडणाऱ्या माणसापुढे ज्ञान काय पाजळायचं? त्यांनी सुरी खाली ठेवली, फॉर्म ओढला आणि कारणापुढे लिहून टाकलं, 'हृदय बंद पडून'. हृदय काय, मेलेल्या प्रत्येकाचंच बंद पडतं. तरी त्या दिवशी ते घरी गेले ते आपण माणुसकीला जागलो या समाधानात.

पाचव्या दिवशी धर्मगुरू पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी त्यांना हात जोडता येत नव्हते, कारण हातांवर मधला होता.

डॉक्टरांना मान वर करून बघवेना. त्यांनी फॉर्म ओढला. धर्मगुरूंनी मुलाला टेबलावर निजवलं, फॉर्म बाजूला सारला आणि सुरी उचलून डॉक्टरांच्या हातात दिली.

"कापा."

"पण… याची पुढची वाट?" डॉक्टरांच्याच तोंडून निघून गेलं.

"नाही सापडली तरी चालेल," बाप म्हणाला. "धाकटी अजून घरात खेळतेय."