कंपनीचेच टायर

यांनी जुनी लाल स्पोर्ट्‌स कार आणली. सत्तावीस वर्षांची गाडी, पण टायर अजून कंपनीचेच. चारही टायरांवरचे तीन बारीक आकडे मी स्वतः ताडून पाहिले, सगळे सारखे. "बघ, किती जपून वापरलेली हाय," हे म्हणाले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या टायरवाल्या गफ्फारचाचांना मी कौतुकानं हे सांगितलं, तर त्यांचा चहा हातातच राहिला.

"तीनच आकडे? टायर कधी बनलाय ते त्यात असतंय. तीन म्हणजे सन दोन हजारच्या आधीचं रबर, बेटी. या उन्हात पळवली की फुटतंय. गाडी जागची हलवू नका."

 

"आई, काटा शंभरवर गेलेला बघून येतो," म्हणत माझं लेकरू पप्पांसंगं औंढ्याच्या रस्त्याला लागून अर्धा तास झाला होता.