आधी तिचा आकडा

"सांगू?" नळी लावलेला हात चादरीवर सरळ करत तिनं विचारलं.

त्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली. "सांग."

लग्नाआधीपासूनची ही पद्धत. भौतिकशास्त्रातले दोन गेज सिद्धांत, म्हणजे कण आणि बलं यांची दोन गणिती वर्णनं, घ्यायचे. कण वेगळे, बलं वेगळी, तरी दोन्ही एकाच जगाचं वर्णन करतात, असा दावा मांडायचा. याला ते द्वैत म्हणत. सुपरसिमेट्री, म्हणजे कणांमधली एक खास सममिती, असली की काही अवस्था दोन्हीकडे नेमक्या मोजता येतात; द्वैत खरं असेल तर दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. एक बाजू ती मोजायची, दुसरी तो. एकमेकांचं बघायचं नाही. आधी ती आकडा सांगणार, मग तो म्हणणार, जुळला.

आजवरचं प्रत्येक द्वैत असंच जुळलं होतं. त्यावरच दोघांचं नाव झालं होतं. हे शेवटचं तिनं आजारपणात मांडलेलं. "खरं की खोटं, तेवढं कळू दे. मग मी मोकळी," असं ती रोज म्हणायची.

उशाशी तिची जुनी विद्यार्थिनी सलाईनकडे बघत उभी होती. आता ती त्यांच्याच विभागात शिकवत होती.

"तुझं एकदाही चुकलं नाही ना रे?" पलंगावरून ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या तर चुकलेल्या गणितांच्या रद्दीनं माळा भरलाय."

"नवरा हुशार बघून केलास."

ती हसली नाही. "दोनशे आठ."

त्याचा आकडा दोनशे दहा होता. पुन्हापुन्हा तपासलेला. त्यानं तिच्या कोरड्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते.

"जुळला," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला.

तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे कूस वळवली. पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

समाधानानं गेली, असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला.

काही दिवसांनी ती विद्यार्थिनी घरी आली. चहा निवला तरी तिनं कपाला हात लावला नाही.

"सर, तुमचा आकडा खरंच दोनशे आठ होता?"

आता लपवून काय उपयोग? "दोनशे दहा. तिच्या जिवाला जरा बरं वाटावं, म्हणून..."

"मॅडमचाही दोनशे दहाच होता."

"मग मला दोनशे आठ का सांगितला?"

"इतकी वर्षं तुम्ही न मोजताच जुळला म्हणता की काय, ही शंका त्यांना शेवटी खात होती," ती खाली बघत म्हणाली. "म्हणून मुद्दाम चुकीचा सांगितला. तुम्ही हो म्हणालात तर आमचे सगळे पेपर मागे घ्यायला जर्नलना कळव, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. काल कळवलं मी, सर."