लविनियाच्या जागेवर

वावाऊ बेटावरची लविनिया तीस वर्षं देवाकडे एकच मागत होती: नवऱ्यानं, सेमिसीनं, चर्चच्या आत यावं. तो तिला दारापर्यंत सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर नीरफणसाच्या सावलीत बसायचा.

त्या रविवारी ती तापात पडून होती. वाऱ्यावर गाणी येत होती आणि तिला वाटत होतं, आपण चटईसकट पाण्यावर तरंगतोय. गाणी थांबल्यावर सेमिसी घरी आला.

"कुठं होतास रे म्हाताऱ्या?"

"सवयीनं गेलो. दारातून तुझी रिकामी जागा दिसली, बघवेना. जाऊन बसलो."

"आत? काय मागितलंस?"

"मला कुठं मागता येतं? नुसता गप्प बसलो. बरं वाटलं."

ओठांवर आलेलं 'पुढच्या रविवारी येशील ना?' तिनं गिळलं. देवाला हवा तेवढा वेळ घेऊ दे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.