उजवा डोळा

"उजव्या डोळ्याचं करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची एक चकती पडद्यामागे बसवायची. तांदळाच्या दाण्याएवढी. पेशी तगल्या तर मधलं दिसायला लागेल. नाही तर आहे तेही जाऊ शकतं. घाई नाही, विचार करून सांगा."

मावशीने चाळीस वर्षं नकाशे काढले होते. केसाएवढी रेघ ओढताना तिचा हात कधी कापला नाही. पण वय झालं तसा डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला. आता कडेचं दिसे. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होई. माणसांना कान असत, खांदे असत, तोंडाच्या जागी करडा डाग. सांभाळणाऱ्या भाचीचा चेहरा तिने सहा वर्षांत पाहिला नव्हता.

भाची कागद आणायला गेली. मावशी बाहेरच्या बाकावर बसली.

"मला नाही बाई जमायचं," ती पुटपुटली.

"सगळे हेच म्हणतात," शेजारून आवाज आला. "मी बस चालवायचो. आता दर मंगळवारी इथे नव्या माणसांशी गप्पा मारतो. या ऑपरेशनचा पहिला पेशंट मीच. माझाही उजवाच."

मावशी वळली. डागाभोवती पांढरे केस दिसले.

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर! पण पहिली गाडी कुणीतरी काढायलाच हवी ना!"

"आणि उपयोग झाला?"

तो हसला. "ताई, आज पुन्हा विचारलं तरी मी हो म्हणेन."

मावशीला तेवढं पुरलं. भाची कागद घेऊन आली तशी मावशीने सही करून टाकली.

ऑपरेशननंतर दोन महिने काहीच घडलं नाही. मग एका सकाळी जाग आली तर समोर उशीच्या अभ्र्याची शिवण. टाका न् टाका वेगळा. मावशी हललीच नाही. श्वास सोडला तर पुसून जाईल, असं तिला वाटलं.

भाची चहा घेऊन आली. मावशी तिच्याकडे बघतच राहिली.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

भाचीने कप खाली ठेवला आणि तिथेच फरशीवर बसली. मग दोघी हसल्या काय, रडल्या काय, चहा पार गार झाला.

दवाखान्यात मावशीने तक्त्यावरच्या पाच ओळी वाचल्या. डॉक्टरबाईंनी संगणकाच्या पडद्यावर डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. झिजलेल्या जागेवर पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"माझ्याकडे होत्या तेव्हा रोज खायला घालावं लागायचं," त्या हलकेच म्हणाल्या. "आता तुमच्या झाल्या."

मंगळवार होता. बाहेरच्या बाकावर तोच आवाज एका घाबरलेल्या गृहस्थाला हसवत होता. मावशी लगबगीने त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ड्रायव्हरदादा, तुम्ही भेटला नसतात तर मी तशीच घरी गेले असते. आज तुमचं तोंड बघायचं म्हणून आले."

त्याने मान वर केली. डावा डोळा तिला शोधत शोधत तिच्या खांद्यापाशी येऊन थांबला.

उजवा जागचा हलला नाही. तो काचेचा होता.